लिंक्डइनवर आधी नावाखालची ओळ नीट करा

भोसरी-चाकणच्या कारखान्यांसाठी मी माणसं शोधते. लिंक्डइनवर शोधताना मला आधी दिसतं ते फोटो, नाव आणि त्याखालची ओळ. तिथे २२० अक्षरं मावतात आणि पोरं लिहितात, 'नोकरीच्या शोधात'! त्याऐवजी लिहा: 'व्हीएमसी सेटर, फॅनुक कंट्रोल, ४ वर्षं, चाकण'. म्हणजे धातू कापणारं कोणतं मशीन लावता, त्याची कोणती कंट्रोल सिस्टीम येते, अनुभव किती आणि ठिकाण कोणतं. मी हेच शब्द टाकून शोधते. अनुभवात कंपनीचं कौतुक नको. कोणता पार्ट, किती मायक्रॉनचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक), रिजेक्शन (बाद होणारा माल) किती कमी केलं ते सांगा. फोटो साधा चालेल, लग्नातला कापलेला नको. 'ओपन टू वर्क' ही नोकरी शोधत असल्याची खूण लावताना फक्त रिक्रूटर्सना दिसेल असा पर्याय निवडा. तरी सध्याच्या साहेबांना कळणारच नाही, अशी हमी लिंक्डइनही देत नाही. जुन्या सुपरवायझरला रिक्वेस्ट पाठवताना तुम्ही दोघं कुठल्या प्रॉडक्शन लाइनवर एकत्र कामाला होतात ते लिहा.