वावर, धुरा आणि कर्ब: मृदाशास्त्रात नव्यानं येणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.ला ‘मशागतीचा जमिनीतल्या सेंद्रिय पदार्थावर होणारा परिणाम’ असा विषय मिळाला, की बहुतेकजण सरळ प्रयोगशाळा गाठतात. माझं म्हणणं, आधी वावरं हिंडा. विदर्भातल्या काळ्या जमिनीत तुलना कशाशी करायची हे ठरवण्यातच अर्धी लढाई असते.

तुलनेला कधीच न नांगरलेली जमीन लागते, तीही वावराच्या जवळची, तेवढ्याच खोलीची अन् उताराची. धुरा (वावराचा बांध) हाताशी असतो, पण त्यावर निंदणाचं तण अन् काडीकचरा येऊन पडतो, त्यामुळे तिथला कर्ब (कार्बन, ज्यावरून सेंद्रिय पदार्थ मोजतात) फुगलेला दिसतो. झुडपी जंगल बहुधा बरड, उथळ जमिनीवर. भारी जमीन कोण पडीक ठेवेल? खोल काळ्या मातीवरची देवस्थानची जुनी पडीक जागा सापडली, तर सोडू नका.

मग कास्तकाराशी बोला. ‘काका, या वावरात आधी काय पेरत होते?’ एवढं विचारलं तरी पुरतं. ‘आबाजीच्या वक्ती सारी ज्वारीच होती बाप्पा, ट्रॅक्टर आला अन् मंग सोयाबीन,’ असं उत्तर मिळालं तर ते वहीत जसंच्या तसं उतरवा. ते पुढं कामी येतं.

काळा रंग पाहून फसू नका. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांखाली असला की साधारणपणे ‘कमी’ धरतात, आणि आपली काळीभोर वावरं त्यात सर्रास बसतात.

नांगर नेमकं करतो काय? मातीच्या रव्यांच्या आत मुळांचे, पानांचे बारीक तुकडे अडकलेले असतात. तिथं हवा अन् जिवाणू सहज पोचत नाहीत, म्हणून ते टिकतात. नांगरणी-वखरणीनं रवे फुटतात आणि हा झाकलेला साठा उघडा पडतो. उन्हाळाभर उघडं तापलेलं वावर पहिल्या पावसानं भिजलं, की जिवाणू एकदम कामाला लागतात अन् कार्बन डायऑक्साइडचा लोट निघतो. (हा वायू, म्हणजे मातीचं श्वसन, मोजायचं असेल तर नमुन्याची तारीख अन् पावसाची तारीख शेजारी-शेजारी लिहा.) आधी संपतो तो हा भरड, ताजा भाग. चिकणमातीला घट्ट धरून बसलेला भाग मागं राहतो. तो बराचसा जिवाणूंनी पचवून झालेला, त्यात नत्राचं प्रमाण जास्त, कर्ब-नत्र गुणोत्तर १० च्या आसपास. म्हणजे कर्ब नुसता घटत नाही, उरलेल्याचा स्वभावही बदलतो. एकूण कर्बाचा एकच आकडा घेऊन बसलात, तर हे दिसणारच नाही.

ते दिसायला माती सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटच्या (रवे सुटे करणाऱ्या) द्रावणात हलवून ५३ मायक्रॉनच्या चाळणीतून धुवा. वर राहतो तो भरड भाग, खाली जातो तो मातीला चिकटलेला. काम कंटाळवाणं आहे, पण प्रबंधाचा जीव यातच आहे.

कर्ब मोजायची वॉकली-ब्लॅक पद्धत १९३४ ची. तिच्यात साधारण तीन चतुर्थांशच कर्ब पकडला जातो, म्हणून उत्तराला १.३ नं गुणतात. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातली माती असेल, तर क्लोराइडमुळे आकडा वाढून येतो. तिथं सिल्व्हर सल्फेट वापरा. माती जाळून कर्ब मोजणाऱ्या यंत्रात चुनखडीचा कर्बही मोजला जातो, तो वजा करा. आपल्या जमिनीत चुनखडी थोडीथोडकी नसते.

निष्कर्ष लिहिताना सगळा दोष नांगराच्या माथी मारायची घाई नको. पऱ्हाटी (कापसाची वाळली झाडं) उपटून चुलीत जाते, कुटार (मळणीचा भुसा) गुरांच्या तोंडी जातं. वावरात परत काय येतं? शेणखत कमी झालंय ते वेगळंच. मशागत सारखी पण काडीकचरा परत टाकणारं, असं एखादं वावर तुलनेत असलं तर हा गुंता थोडा सुटतो.

आता ती ज्वारीची नोंद. ज्वारीच्या कर्बाची समस्थानिक खूण (जड अन् हलक्या कार्बनच्या प्रमाणातला, ठरलेल्या मानकापासूनचा फरक) हजारी उणे १२ च्या आसपास, तर कापूस, तूर, सोयाबीनची उणे २७ च्या. त्यामुळे ज्वारीचं वावर सोयाबीनखाली गेलं असेल, तर मातीतला जुना कर्ब किती उरला अन् नवा किती आला, याचा अंदाज बांधता येतो. फक्त कुंदा अन् हरळी यांची खूणही ज्वारीसारखीच, तेव्हा तणानं माजलेलं वावर यासाठी घेऊ नका. ही तपासणी महाग पडते अन् जवळपास होईलच असं नाही. वाळवलेली माती गाव, खोली, तारीख लिहून बाटलीत ठेवा. पैशाची सोय झाली की पाठवता येते.