हंगामाची उपकारस्तुती: सहा आठवडे आधीपासूनची तयारी

ल्यूथरन (प्रोटेस्टंट ख्रिस्ती) मंडळीला हंगामाच्या सणासाठी ऑक्टोबरचा शेवटचा रविवार बरा पडतो. ३१ ऑक्टोबर १५१७ ला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने आपले ९५ मुद्दे मांडले. त्याच्या आठवणीचा रविवार तोच असतो, आणि मराठवाड्यात तोवर सोयाबीन रानातून घरात आलेलं असतं. वेदीवर लाल वस्त्र आणि समोर नवं धान्य, दोन्ही एकाच उपासनेत बसतं. तरी तारीख डोळे झाकून धरू नये. बीड, धारूर, केजकडच्या मंडळीत निम्मी घरं ऊसतोडीला जाणारी असतील तर टोळ्या कधी हलणार ते मुकादमाला विचारून घ्यावं. कारखाने लवकर पेटणार असतील तर सण दोन रविवार अलीकडे ओढावा. गाडी भरून गेलेल्या घरांशिवाय केलेला सण म्हणजे रिकाम्या बाकांचा सण. दिवाळी त्याच आठवड्यात येत असेल तर मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार, चार-पाच दिवस बंद राहतो आणि जमलेलं धान्य मंडळीच्या खोलीत उंदरांसाठी पडून राहतं. पाळकसाहेबांकडे (धर्मगुरूंकडे) एकाहून जास्त गावं असतात आणि प्रभूभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, त्यांच्याशिवाय होत नाही, म्हणून छापायला काही देण्याआधी त्यांचा होकार घ्यावा. आधी पत्रिका आणि मग पाळक, हा उलटा क्रम दरवर्षी कुठे ना कुठे घडतो.

सहा आठवडे आधी पंच कमिटीची बैठक घ्यावी आणि पैसा कशासाठी हवा ते एका ओळीत ठरवावं. ‘मंडळीच्या कामासाठी’ असं लिहिलेल्या पाकिटात दहाची नोट येते. ‘उपासना मंदिराचे गळके बारा पत्रे बदलायचे’ असं लिहिलं की माणूस एका पत्र्याची किंमत विचारतो. पत्रे, हुक, वायसर, मजुरी आणि वाहतूक धरून दोन दुकानांची दरपत्रकं आणावीत, त्यात दहावा हिस्सा चढवावा आणि तो आकडा फलकावर लावावा. सणाचा खर्च, म्हणजे मंडप, जेवण, माईक, जमलेल्या दानातून करायचा नाही हेही त्याच बैठकीत लिहून घ्यावं. खर्चासाठी वेगळी वर्गणी किंवा आधी बोललेले दाते हवेत. दान एका हाताने आलं आणि मंडपवाल्याला दुसऱ्या हाताने गेलं की हिशोब कायमचा धूसर होतो.

मागण्याची भाषाही इथेच ठरते. ‘द्याल तर शंभरपट मिळेल’ असलं काही पाकिटावर छापू नये. ज्या दिवसाची आपण आठवण करतो त्याचं भांडणच पैसे घेऊन क्षमा विकण्यावरून होतं. पेटीत नाणं खणखणलं की आत्मा सुटतो, या प्रचाराला २७ वा मुद्दा माणसांची शिकवण म्हणतो. तेव्हा पाकिटावर साधं ‘उपकारदान’ लिहावं, आणि मोठ्या रकमेपासून छोट्या रकमेपर्यंत नावं वाचायची पद्धत असेल तर ती मोडावी. यादी घरांच्या नावानुसार लावली की विधवेचे पन्नास रुपये शेवटी येत नाहीत.

कागदांचं काम कंटाळवाणं, पण आटोपशीर आहे. मंडळी ज्या नोंदणीकृत न्यासाखाली येते त्याचं नाव आणि क्रमांक पावतीपुस्तकावर हवा. नोंदच नसेल तर बाहेर वर्गणी मागण्याआधी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१ क कलमाखाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी. पावतीवर प्राप्तिकरातल्या सवलतीचा उल्लेख नको, कारण एकाच धर्मसमाजासाठी असलेल्या न्यासाच्या दानाला ती लागू होत नाही. परदेशात असलेला मुलगा भारतीय पासपोर्टवरच असेल तर त्याचे पैसे खुशाल घ्यावेत. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर तो कायद्याने परदेशी दाता ठरतो आणि एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय एक रुपयाही घेता येत नाही. चहाच्या सेटवर सोडतीची तिकिटं काढायची कल्पना तरुण संघाकडून हमखास येते. विनापरवाना लॉटरी गुन्हा आहे, म्हणून ती तिथेच थांबवावी. माईकसाठी पोलीस ठाण्यात आठवडाभर आधी अर्ज द्यावा आणि शिक्का मारलेली प्रत जवळ ठेवावी.

पाकिटं सणाच्या चार आठवडे आधी घरोघर पोचवावीत. प्रत्येकावर क्रमांक घालावा आणि कोणता क्रमांक कोणत्या घरी गेला ते वहीत मांडावं, म्हणजे चाळीस दिली आणि एकतीस आली तर उरलेली नऊ कुठे आहेत ते कळतं. पाकिटं नेऊन देण्याचं काम महिला मंडळाकडे असलेलं चांगलं. त्या ओसरीवर बसतात आणि घरात कोण आजारी आहे तेही समजून येतं. ऊसतोडीला जाणाऱ्यांकडे मात्र पहिल्याच आठवड्यात जावं.

आता माल. लोक काय आणतील ते हंगामावरून आधीच सांगता येतं. सोयाबीन, मूग, उडीद, थोडी बाजरी, पहिल्या वेचणीचा कापूस, भाज्या, काशीफळ, अंडी, गावरान कोंबड्या, आणि बालाघाट डोंगराच्या बाजूला सीताफळं. तूर तेव्हा फुलोऱ्यात असते आणि शाळूची पेरणी नुकती झालेली असते. म्हणून येणारी तूर-ज्वारी गेल्या वर्षीची समजावी आणि ओंजळभर पसरून किडे बघावेत. सोंड्या लागलेलं एक पोतं बाकीच्यांना लावून देतं. कोणी तसं आणलं तर चारचौघांत नाकारू नये, बाजूला ठेवून कोंबड्यांसाठी वेगळं विकावं.

सोयाबीन आणि कापूस लिलावात काढूच नये. पाच-सात किलो सोयाबीन घरी नेऊन कोण काय करणार? दोन आठवडे आधीपासून ते एकत्र जमवावं, दोन दिवस उन्हात वाळवावं, पोत्यात भरावं आणि मोंढ्यात घालावं. ओल १२ टक्क्यांच्या वर गेली की आडत्या भाव पाडतो. परतीच्या पावसात भिजलेलं पोतं तर आतून गरम होऊन कुबट वास धरतं. मूठ तोंडात टाकून दाताने फोडावी. कडकन फुटलं तर वाळलं, चेपलं तर अजून ऊन दाखवावं. पोती फरशीवर नको, लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून वीतभर लांब ठेवावीत. मोंढ्यात दोघांनी जावं आणि हमाली, तोलाई वजा झालेली हिशोबपट्टी मंडळीच्या नावाने लिहून घ्यावी. कोणाच्या घरच्या मालात मिसळून विकलेलं मंडळीचं सोयाबीन पुन्हा वेगळं काढता येत नाही, भांडण मात्र निघतं. सीताफळ डोळे उघडले की तोडावं. दोन-तीन दिवसांत ते पिकतं, म्हणून शुक्रवारची तोड सांगावी. आधीच पिकलेलं आणलं तर रविवारी दुपारी नुसता गर आणि माश्या उरतात.

लिलाव हा या सणाचा सगळ्यात हसरा आणि सगळ्यात धोक्याचा भाग. माल शनिवारी संध्याकाळी घ्यावा, एका मेजावर तोलकाटा आणि वही ठेवून. वहीत अनुक्रमांक, वस्तू, वजन, देणाऱ्याचं नाव हे रकाने शनिवारीच भरावेत. घेणाऱ्याचं नाव, रक्कम, आणि रोख, ऑनलाइन की बाकी हे तीन रविवारसाठी मोकळे सोडावेत. प्रत्येक वस्तूला तोच क्रमांक चिकटवावा. छोट्या वस्तूंच्या जुड्या बांधाव्यात: दोन किलो मूग, डझनभर अंडी आणि मेथीच्या दोन पेंढ्या मिळून एक नग. साठच्या वर नग गेले की शेवटच्या वीसांना गिऱ्हाईक राहत नाही. माणूस दीड तासाच्या वर बसत नाही, आणि एका नगाला दीड मिनिट लागतंच. बोली मोंढ्याच्या भावापासून सुरू करावी. फार खालून सुरू केली तर देणारा आपलीच कोंबडी स्वस्तात परत नेतो आणि त्यात त्याचाच अपमान होतो. पहिला नग शब्बाथ शाळेच्या (रविवारच्या धर्मशिक्षण वर्गाच्या) मुलांनी लावलेल्या वाफ्यातला असू द्यावा, हात लगेच सैल होतात. चांगल्या वस्तू मधोमध पेराव्यात. कोंबड्यांना सकाळपासून सावलीत, पाणी ठेवून, टोपलीखाली ठेवावं. पाय बांधून उन्हात टाकलेली कोंबडी ऑक्टोबरच्या उकाड्यात बोली लागेपर्यंत टिकेलच असं नाही.

एकच नारळ तीन जण घेतात आणि तिघंही परत मंडळीला देतात, ही रीत गोड आहे. पण वहीत तो तीन वेळा, १७, १७ अ, १७ ब असा लिहिला गेला पाहिजे. नाहीतर संध्याकाळी रोख जास्त आणि नोंद कमी भरते, आणि जास्त भरलेली रोखही संशयच आणते. बोली पुकारणारा, लिहिणारा आणि पैसे घेणारा ही तीन वेगळी माणसं हवीत. पुकारणारा विनोदी असावा, पण कोणाच्या गरिबीवर किंवा दारूवर विनोद करणारा नको.

उधारी हा खरा खड्डा. बोलीच्या भरात माणूस काशीफळाला आठशे म्हणतो आणि सोमवारी त्याला घरचं खत आठवतं. म्हणून पुकारा सुरू होण्याआधीच माईकवर सांगावं की बाकी पुढच्या रविवारच्या उपासनेपर्यंत, आणि ठरलेल्या रकमेच्या वर, समजा पाचशेच्या वर, बाकी नाही. बाकी ठेवणाऱ्याची वहीत सही घ्यावी. वसुलीला पाळकसाहेबांना कधीही पाठवू नये. त्यांना त्याच माणसाच्या घरी प्रार्थनेलाही जायचं असतं. क्यूआर कोड मंडळीच्या बँक खात्याचाच लावावा, खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा नव्हे, तो कितीही प्रामाणिक असला तरी. मंडपात नेटवर्क नसतं. कोड फाटकाजवळ, जिथे रेंज येते तिथे लावावा आणि आवाज देणारा छोटा डबा शेजारी ठेवावा, म्हणजे ‘गेले की नाही’ हा वाद मिटतो.

प्रीतिभोजन दीडशे माणसांचं धरलं तर तांदूळ १५ किलो, येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ) घातलेली आमटी ३० लिटर, प्रत्येक घरातून दहा भाकरी आणि हलवायाकडची बुंदी ९ किलो पुरते. जेवण शाकाहारीच असावं, असं आमचं मत आहे. शेजारचे माळकरी पंगतीला बसतात आणि खर्चही आवाक्यात राहतो. मटणाचा आग्रह फार झालाच तर आग्रह करणाऱ्याकडून बोकड घ्यावा. येसराचं प्रमाण दर १० लिटरला पाऊण किलो. तो आधी थंड पाण्यात कालवून मग उकळीत सोडावा. कोरडा टाकला की गुठळ्या होतात आणि त्या पळीने फुटत नाहीत. आमटी निवताना घट्ट होते, म्हणून शेजारच्या चुलीवर एक पातेलं उकळतं पाणी असू द्यावं. पाण्याचे २० लिटरचे १२ जार लागतात. सिलिंडर व्यावसायिक, १९ किलोचा, आणि सोबत एक भरलेला जादा.

उपासनेत फार भर नको. धान्याच्या राशी वेदीच्या पायऱ्यांवर लावाव्यात, वेदीवर नाही. प्रभूभोजनाची पात्रं ठेवायला जागा मोकळी लागते. गीतांची यादी पेटी आणि ढोलकीवाल्यांना आठवडाभर आधी द्यावी. वीज जाणारच असं धरून माईकसाठी बॅटरी लावून ठेवावी.

मग मोजणी. ती त्याच दिवशी, उजेडात, आणि तिघांकडून व्हावी. तिघं एका घरातले नकोत. ल्यूथरच्या काळी, १५२३ साली, जर्मनीतल्या लायस्निग गावाने सार्वजनिक पेटीचे नियम केले आणि त्यांना ल्यूथरने प्रस्तावना लिहिली. त्या पेटीला चार वेगळी कुलपं होती आणि चाव्या उमराव, नगरसभा, गावातले रहिवासी आणि खेड्यांतले शेतकरी अशा चौघांकडे. त्यामुळे तीन सह्या मागितल्या म्हणून खजिनदाराने रुसण्याचं कारण नाही. ही रीत त्याच्यासाठी नवी काढलेली नाही. पाकिटं, उपासनेतलं दान आणि लिलाव यांचे तीन ढीग वेगळे मोजावेत. नोटा किती रुपयांच्या किती, हे कागदावर मांडावं, तिघांच्या सह्या घ्याव्यात आणि त्याचा फोटो पंचांच्या ग्रुपवर टाकावा. पाकीट फाडलं की आतली रक्कम त्याच पाकिटावर लिहावी. फाटकी पाकिटं वार्षिक सभा होईपर्यंत जपावीत. नाण्यांच्या शंभर-शंभरच्या पुड्या बांधाव्यात, बँकेत वेळ वाचतो. दहाची नाणी दुकानदार नाकारतात म्हणून लोक ती नेमकी दानात टाकतात. चलनात ती वैध आहेत, बँकेत भरून टाकावीत. रक्कम रविवारी रात्री कपाटात राहणार असेल तर किल्ली एकाकडे आणि मोजणीचा कागद दुसऱ्याकडे. सोमवारी बँक उघडताच सगळी रक्कम जशीच्या तशी भरावी. मंडपवाल्याला त्यातून ‘तात्पुरते’ द्यायचे नाहीत. त्याचे पैसे खर्चाच्या वर्गणीतून द्यावेत.

पुढच्या रविवारी एका पानाचा हिशोब दारावर लावावा: पाकिटं, दान, लिलाव रोख, लिलाव बाकी, मोंढ्याची पट्टी, वेगळ्या वर्गणीचा खर्च, शिल्लक. बाकीदारांची नावं त्यात नकोत, फक्त एकूण आकडा. टोळीसोबत गेलेल्या घरांच्या पाकिटांचे क्रमांक वहीत खुले ठेवावेत. ती माणसं पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात, तेव्हा पावतीपुस्तक त्याच वर्षाचं मिळत नसेल तर नवी पावती फाडून तिच्यावर जुना पाकीट क्रमांक लिहावा.