हुतात्मा चौकाचा इतिहास जागेवर जाऊन कसा अभ्यासावा

मुंबईच्या फोर्ट भागातील हुतात्मा चौकात दोन स्मारके एकमेकांच्या शेजारी उभी आहेत. एक १८६४ सालचे फ्लोरा फाउंटन आणि दुसरे मशाल उंचावलेल्या शेतकरी-कामगारांचे हुतात्मा स्मारक. बहुतेक अभ्यासक यांपैकी आपल्या आवडीचे एक निवडतात आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवतात. माझ्या मते या चौकाचा अभ्यास दोन्ही स्मारके बाजूला ठेवून, आज तेथे नसलेल्या एका वस्तूपासून सुरू करावा. ती वस्तू म्हणजे किल्ल्याचा तट.

प्रथम जुना नकाशा मिळवावा. कॅप्टन डिकिन्सन यांच्या १८१२ ते १८१६ या काळातील सर्वेक्षणाचा नकाशा आणि त्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने लाफ्टन यांनी केलेल्या सर्वेक्षणाचे नकाशे शेजारी शेजारी ठेवले, की आधी काय होते आणि नंतर काय झाले, हे एका दृष्टिक्षेपात ध्यानात येते. पहिल्या नकाशात तट, त्याबाहेरचा खंदक आणि अपोलो गेट, चर्चगेट व बाजारगेट हे तीन दरवाजे दिसतात. दुसऱ्यात तटाच्या जागी रस्ते आणि इमारतींसाठी आखलेले भूखंड आहेत. आजचे कारंजे चर्चगेट या दरवाज्याच्या जागी आहे. याची खूण पटवायची असेल तर कारंज्यापासून वीर नरिमन मार्गाने पूर्वेकडे चालत जावे. थोड्याच अंतरावर १७१८ साली खुले झालेले सेंट थॉमस चर्च लागते, आणि दरवाज्याला ते नाव कशावरून पडले हे आपोआप उलगडते. याच रस्त्यावर कारंज्याच्या पश्चिमेला असलेल्या रेल्वे स्थानकाने तेच नाव घेतले, त्यामुळे आज चर्चगेट म्हटले की कोणालाही दरवाजा आठवत नाही.

तट का पाडला, हा यानंतरचा प्रश्न. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जमिनीवरून हल्ल्याची भीती संपली होती, कोटातील वस्ती दाटली होती आणि खंदक आरोग्याला घातक ठरला होता. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत १८६२ पासून तट उतरवण्याचे काम हाती घेण्यात आले. नेमक्या त्याच वर्षांत, म्हणजे १८६१ ते १८६५ दरम्यान, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापूस व्यापारात अमाप पैसा आला. मोकळी झालेली जागा आणि हाताशी आलेला पैसा हे दोन धागे एकत्र धरल्याखेरीज या चौकाचा जन्म समजत नाही. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली, म्हणजे शहर असे उकलले जात असतानाच प्रसिद्ध झाले. त्या काळची मुंबई मराठी माणसाच्या नजरेतून पाहायची असेल, तर इंग्रजी गॅझेटिअर उघडण्याआधी हे पुस्तक वाचावे.

आता कारंज्याकडे यावे. ते पाहताना शिल्पाच्या सौंदर्याइतकेच पैसा कोणी दिला याकडेही लक्ष द्यावे. पश्चिम भारतातील कृषी व उद्यानविषयक संस्थेने ते उभारले. मूळ बेत भायखळ्याच्या व्हिक्टोरिया उद्यानात बसवण्याचा होता. एकूण खर्च ४७,००० रुपये झाला आणि त्यातील २०,००० रुपये कर्सेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थांनी दिले. फ्रिअर यांचे नाव देण्याचा विचार मागे पडून रोमन पुष्पदेवतेचे नाव कायम झाले. म्हणजे आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, कोरीवकाम जेम्स फोर्साइथ यांचे, दगड इंग्लंडमधील पोर्टलंडचा, पण खर्चाचा मोठा वाटा मुंबईकराचा. वसाहतकालीन वास्तू ‘इंग्रजांनी बांधली’ असे सरसकट म्हणण्याची सवय या एका आकड्याने सुटावी, असे मला मनापासून वाटते.

दगड जवळून पाहावा. वर्षानुवर्षे या शिल्पावर तैलरंगाचे थर चढवले गेले होते आणि त्याखाली कोरीवकाम बुजले होते. २०१९ च्या सुमारास पूर्ण झालेल्या जतनकामात हे थर काढण्यात आले. याच कामात खोदताना फरसबंदीखाली ट्रामचे रूळ सापडले. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ साली सुरू झाली, १९०७ मध्ये ती विजेवर धावू लागली आणि १९६४ च्या मार्चअखेर कायमची बंद पडली. तेथून दादाभाई नौरोजी मार्गावर वळावे. पूर्वीच्या या हॉर्नबी रोडवर १८९६ च्या नियमानुसार इमारतींना तळमजल्यावर कमानींचा सलग पदपथ ठेवावा लागे. त्या कमानींखालून चालताना इमारतींचे मालक वेगळे असले तरी नियम एकच होता, हे पायांनाच कळते.

यानंतरचा भाग सर्वांत काळजीपूर्वक अभ्यासावा. भाषावार प्रांतरचनेत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही हे दिसू लागल्यावर २१ नोव्हेंबर १९५५ रोजी विधानसभेकडे निघालेला मोर्चा फ्लोरा फाउंटनपाशी अडवण्यात आला आणि पोलिसांच्या गोळीबारात १५ जणांचे प्राण गेले. मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा पंतप्रधान नेहरूंनी १६ जानेवारी १९५६ रोजी केली, तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन शहरभर पेटले आणि आणखी बळी गेले. म्हणून सर्व हुतात्मे या चौकात पडले, असे लिहू नये. स्मारक येथे असले तरी ते साऱ्या लढ्याचे आहे. आकड्यांबाबतही दक्ष राहावे. भाषणांतून १०५ हा आकडा रूढ झाला, परंतु १०६ आणि १०७ असेही उल्लेख आढळतात. आपण कोणता आकडा कोठून घेतला, हे प्रत्येक वेळी नोंदवावे आणि शक्य असेल तर नुसत्या संख्येऐवजी नावे वाचावीत. त्या नावांमागे घरे होती, कामावरून परत न आलेली माणसे होती. केवळ संख्या लिहून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही.

वृत्तपत्रे चाळताना एकाच दिवसाचे मराठी आणि इंग्रजी अंक समोर ठेवावेत, कारण जमावाला कोणते विशेषण लावले आहे आणि गोळीबाराचा आदेश कोणाच्या नावे नोंदला आहे, यातून त्या पत्राची भूमिका दिसते. सरकारी कागद पाहायचे असल्यास महाराष्ट्र राज्याचे पुराभिलेखागार चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे. आधी तारीख पक्की करावी आणि मगच फाइल मागावी. विषय सांगून मागितल्यास शोध फार लांबतो. मोर्चा प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्याशी बोलायचे असेल तर कागदांचे काम पुढे ढकलावे, पण ही भेट ढकलू नये. बोलताना आपल्याला वाचून माहीत असलेले आधी सांगू नये. त्या दिवशी ते कोठून आले, कोणाबरोबर होते आणि घरी कसे पोहोचले, एवढेच विचारून त्यांना बोलू द्यावे.