मीटर गप्प आहे म्हणून जमीन स्वच्छ? मारलिंगातल्या या चुका टाळा

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मारलिंगा इथे ब्रिटनने १९५६-५७ मध्ये सात अणुस्फोट केले. पण तिथली खरी डोकेदुखी ठरल्या त्या 'किरकोळ' म्हणवल्या गेलेल्या चाचण्या. १९६० ते १९६३ दरम्यान तारानाकी या जागी साध्या स्फोटकांनी सुमारे २२ किलो प्लुटोनियम (किरणोत्सारी धातू) उधळलं गेलं. वाऱ्याबरोबर ते लांबलचक पट्ट्यांमध्ये पसरलं. अशी दूषित जमीन तपासताना आणि साफ करताना होणाऱ्या चुका अशा.

चुकीचं उपकरण. प्लुटोनियम मुख्यतः अल्फा कण सोडतं. ते हवेत जेमतेम काही सेंटिमीटर जातात. दव, ओली माती किंवा धुळीचा पातळ थरही त्यांना अडवतो. त्यामुळे कमरेच्या उंचीवर धरलेला गॅमा मीटर शांत राहिला, यावरून काहीच सिद्ध होत नाही. अशा ठिकाणी प्लुटोनियमसोबत असलेलं अमेरिसियम-२४१ हे दुसरं किरणोत्सारी मूलद्रव्य शोधतात, कारण त्याचे क्षीण (६० केइव्ही ऊर्जेचे) गॅमा किरण टिपता येतात. मात्र दोघांचं प्रमाण प्रयोगशाळेत नमुने तपासून आधी ठरवावं लागतं, आणि ते प्रत्येक पट्ट्यात सारखंच असेल असं गृहीत धरू नये.

अल्फा प्रोब (अल्फा कण मोजणारं हातातलं उपकरण) अचानक भरमसाट आकडे दाखवू लागला तर आधी त्याची पातळ खिडकी उजेडाकडे धरून पाहा. काटक्यांनी तिला भोक पडलं की आत उजेड शिरतो आणि मीटर बेफाम धावतो. हवेच्या नमुन्याचा फिल्टर पेपर गोळा केल्या केल्या मोजला तर हवेतल्या रेडॉन-थोरॉन या नैसर्गिक किरणोत्सारी वायूंची अपत्यंच, म्हणजे त्यांच्यापासून बनलेले अल्पायुषी किरणोत्सारी अणूच दिसतात. तीन-चार दिवस थांबून पुन्हा मोजा.

नांगरणी. १९६७ च्या सफाईत दूषित माती नांगरून खालच्या मातीत मिसळली. पृष्ठभागावरचा आकडा उतरला, प्लुटोनियम मात्र होतं तिथेच राहिलं. पुढे १९९० च्या दशकात जास्त खोल माती उचलावी लागली. ही चूक मला सगळ्यात वाईट वाटते, कारण तिने पुढच्यांचं काम वाढवलं.

नुसती सरासरी. १९८४ च्या सर्वेक्षणात प्लुटोनियम चिकटलेले धातूचे तुकडे उघड्यावर सापडले. असा तुकडा कुणीही आठवण म्हणून खिशात टाकू शकतो; चौरस किलोमीटरच्या सरासरीत तो दिसत नाही.

शहरी माणसाचा डोस (शरीराला मिळणारी किरणोत्साराची मात्रा) गृहीत धरणं. ही मारलिंगा त्जारुत्जा या आदिवासी लोकांची जमीन. पारंपरिक पद्धतीने राहणारी माणसं जमिनीवर झोपतात, मुलं धुळीत खेळतात, आणि प्लुटोनियमचा मोठा धोका श्वासातून जाणाऱ्या धुळीचाच. म्हणून सफाईचा निकष त्यांच्या राहणीवरून ठरला: वर्षाला जास्तीत जास्त ५ मिलिसिव्हर्ट (डोसचं एकक).

कागदावर विश्वास. १९६८ च्या ब्रिटिश अहवालानुसार बहुतेक प्लुटोनियम तारानाकीच्या खड्ड्यांत पुरलेलं होतं. मोजलं तेव्हा जमिनीवरच अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं. खड्ड्यांच्या पोटात नेमकं काय आहे, हेही कुणाला धड माहीत नव्हतं. तिथला कचरा विजेने वितळवून काचेत बंदिस्त करायला घेतला, तर मार्च १९९९ मध्ये एका खड्ड्यात स्फोट झाला. ती पद्धत सोडून दिली आणि उरलेले खड्डे उकरून तो कचरा पुन्हा पुरला.