फ्रीसेल सुटत नाही? या चुका टाळा

फ्रीसेल हा एकट्याने खेळायचा पत्त्यांचा खेळ, म्हणजे पेशन्सचा एक प्रकार. त्याचा डाव अडला की दोष पहिला पत्त्यांवर जातो. “पानंच वाईट पडली!” पेशन्सच्या दुसऱ्या प्रकारांत ही तक्रार थोडीफार खरी असते. क्लॉन्डाइकमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नेहमीच्या सॉलिटेअरमध्ये, सुरुवातीला मांडलेल्या २८ पानांपैकी २१ पालथी असतात, त्यामुळे तिथे नशीब लागतंच. फ्रीसेलमध्ये मात्र ५२ च्या ५२ पानं पहिल्या क्षणापासून उताणी असतात. लपवाछपवी काहीच नाही.

विंडोजबरोबर येणाऱ्या जुन्या फ्रीसेलमध्ये १ ते ३२,००० असे क्रमांक दिलेले डाव होते. १९९४-९५ मध्ये डेव्ह रिंग यांनी इंटरनेटवर हौशी खेळाडू जमवले आणि ते सगळे डाव त्यांच्यात वाटून दिले. शेवटी कुणालाच न सुटलेला एकच डाव उरला, क्रमांक ११९८२. तो सुटूच शकत नाही हे पुढे संगणकानेही दाखवलं. नंतरच्या आवृत्तीत डाव दहा लाख झाले, तेव्हाही न सुटणारे निघाले फक्त आठ. तेव्हा काल तुम्ही वैतागून सोडलेला डाव जवळजवळ नक्कीच सुटणारा होता.

नियम थोडक्यात. आठ उभ्या रांगा, पहिल्या चारांत सात-सात पानं, उरलेल्या चारांत सहा-सहा. खऱ्या पत्त्यांनी खेळत असाल तर हे एकदा मोजून घ्या, वाटतानाच चूक झाली तर पुढे सगळंच फसतं. रांगेत उतरत्या क्रमाने आणि लाल-काळं आलटून-पालटून लावायचं, म्हणजे काळ्या अठ्ठीवर लाल सत्ती. चार घरं, त्यात एक्क्यापासून राजापर्यंत चढत जायचं, बदामाच्या घरात फक्त बदाम. आणि चार मोकळे कप्पे, प्रत्येकात एक पान, कुठलंही.

दिसली चाल की केली

सुरुवातीलाच दोन-तीन चाली आयत्या दिसतात आणि हात शिवशिवतो. थांबा. आधी चारही एक्के शोधा, मग दुर्र्या. कोणत्या रांगेत, किती पानांखाली दबलेत ते बघा. एखाद्या रांगेच्या तळाशी एक्का आणि त्याच्या वरच दुर्री असेल, तर डावाचं पहिलं काम ठरलं: ती रांग उपसायची. अशा रांगेच्या टोकावर “बसतंय म्हणून” आणखी पानं रचणं ही नवख्यांची हमखास चूक. चाल नियमाला धरून असते, पण एक्का आणखी दोन पानं खाली जातो.

काळी छक्की लावायची आहे आणि दोन्ही लाल सत्त्या मोकळ्या आहेत, तर कोणती निवडायची? जिच्याखाली तातडीचं काही दबलेलं नाही ती. इतक्या साध्या निवडीवर कितीतरी डाव फिरतात.

कप्पे भरून टाकणं

खरी गोम इथे आहे. नियमाने एका वेळी एकच पान हलतं. ॲपवर आपण चार-पाच पानांची लड एकदम उचलतो, ती निव्वळ सोय आहे. आत ती पानं एकेक करून मोकळ्या कप्प्यांत जातात आणि परत येतात. त्यामुळे किती पानं एकदम हलतील हे मोकळ्या जागांवर ठरतं: मोकळे कप्पे अधिक एक. चारही कप्पे मोकळे असतील तर पाच पानं, दोन मोकळे असतील तर तीन, सगळे भरले असतील तर फक्त एक. एक रांग रिकामी असेल तर हा आकडा दुप्पट होतो, दोन रांगा रिकाम्या असतील तर चौपट. चार कप्पे आणि दोन रिकाम्या रांगा म्हणजे तब्बल २० पानं.

“लड उचलली जात नाही, ॲप बिघडलंय का?” या तक्रारीचं उत्तरही यातच आहे. जागा पुरत नाही, एवढंच. त्यातही एक खाचखळगा: लड रिकाम्या रांगेतच न्यायची असेल तर ती रांग मोजायची नाही, कारण ती आता मुक्कामाची जागा झाली. दोन कप्पे मोकळे आणि एक रांग रिकामी असताना दुसऱ्या पानावर सहाची लड जाते, पण त्या रिकाम्या रांगेत तीनचीच. एखादं ॲप रिकामी रांग हिशोबातच धरत नसेल, तर अर्धी लड हाताने त्या रांगेत ठेवा, उरलेली मुक्कामी न्या, मग ठेवलेली तिच्यावर आणा.

म्हणून कप्प्यात पान टाकण्याआधी एकच प्रश्न विचारा: हे बाहेर कसं येणार? “चौकट पंजी आत टाकतो, दोन चालींनी इस्पिक छक्की मोकळी होईल, तिच्यावर लावतो” असं उत्तर असेल तर खुशाल टाका. “बघू पुढे” असेल तर नको. राजा कप्प्यात टाकणं सर्वांत महाग. तो कुठल्याच पानावर बसत नाही, बाहेर येतो तो रिकाम्या रांगेत किंवा अगदी शेवटी घरात. तिसरा कप्पा भरला की माझ्या डोक्यात घंटा वाजते. चौथा भरला की बहुतेक वेळा डाव संपलेला असतो, फक्त कळायला पाच-सहा चाली लागतात.

रिकामी रांग लगेच भरणं

क्लॉन्डाइकवरून आलेले खेळाडू इथे फसतात. तिथे रिकाम्या जागी फक्त राजा चालतो, त्यामुळे रांग मोकळी झाली की हात आपोआप राजाकडे जातो. फ्रीसेलमध्ये तिथे कुठलंही पान चालतं आणि रांग रिकामी ठेवणंही चालतं. बऱ्याचदा तेच शहाणपणाचं असतं, दुप्पटीचा हिशोब वर आलाच आहे. राजा जरूर ठेवा, पण त्याच्यावर बसायला राणी, गुलाम, दश्शी अशी रांग तयार असेल तेव्हा.

घरं भरायची घाई

पानं घरात चढवण्यालाच मी कितीतरी दिवस प्रगती समजत होतो. एक्के आणि दुर्र्या लगेच चढवायला हरकत नाही, त्या खाली राहून कुणाच्याच उपयोगी पडत नाहीत. त्यापुढे जपून. समजा, इस्पिक भराभर दश्शीपर्यंत चढवलं. आता लाल छक्क्या-सत्त्यांना बसायला फक्त किलवरची पानं उरली, म्हणजे जागा निम्म्या झाल्या. यावर एक बिनधोक कसोटी आहे: बदाम छक्की चढवायची असेल तर दोन्ही काळ्या पंज्या आधीच घरात आहेत का ते बघा. असतील तर त्या छक्कीवर बसायला कुणी येणार नाही, जाऊ द्या तिला. नसतील तर ती खाली कामाला येईल का, याचा क्षणभर विचार करा. काही ॲप पानं आपणहून चढवतात. ती सोय बंद करता येत असेल तर शिकत असताना बंदच ठेवा.

अडलात तर

बहुतेक जण एक-दोन चाली मागे घेतात, दुसरं काही करून बघतात आणि पुन्हा तिथेच येऊन अडकतात. कारण चूक दोन चालींपूर्वी झालेलीच नसते. तिसरा कप्पा कधी भरला ते आठवा आणि थेट तिथवर मागे जा. तिथूनही सुटला नाही तर नवा डाव लावू नका, त्याच क्रमांकाचा डाव पहिल्यापासून खेळा. यावेळी पहिल्यापेक्षा वेगळ्या एक्क्याच्या रांगेपासून सुरुवात करा. पत्ते तेच असल्यामुळे आधी नेमकं काय चुकलं ते स्वच्छ दिसतं.

फक्त तेवढं आधी क्रमांकाकडे बघून घ्या. ११९८२ असेल तर खुशाल सोडून द्या.