सिल्की गावरान कोंबड्यांत सोडताना

सिल्की जातीच्या कोंबडीला थेट गावरान किंवा कडकनाथच्या खुराड्यात सोडू नका. डोक्यावरच्या झुपक्यामुळे तिला बाजूचं नीट दिसत नाही, त्यामुळे चोच कुठून आली हे कळायच्या आत मार बसतो. त्यात अनेक सिल्कींच्या कवटीचा वरचा भाग उंचवटलेला असतो आणि तिथलं हाड पुरतं जुळलेलं नसतं. डोक्यावरची एक टोचही जिवावर बेतू शकते.

आधी आठ-दहा दिवस मधे जाळी लावून शेजारी ठेवा. सोडताना एकटी नको, दोघी-तिघी एकदम सोडा. दाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवा. डोळ्यांवर येणारी पिसं बोथट टोकाच्या कात्रीने जराशी कापा. पाच मिनिटांचं काम, पण कोंबडी लगेच धीट होते.

तिला उडता येत नाही, म्हणून दांडी फूटभर उंचीवरच हवी. पिसं लोकरीसारखी, पाणी निथळत नाही. पावसाळ्यात भिजली तर टॉवेलने पुसून उबेला ठेवा.

आणि खुडूक बसण्यात तिचा हात कोणी धरणार नाही! गावरान अंडी खुशाल तिच्याखाली ठेवा.