वसंतात फुलणारे कंद: या चुका टाळा

"पहिल्या वर्षी डॅफोडिल छान फुलले, आता नुसती पानं येतात. कोणतं खत घालू?" दर वसंतात कुणीतरी हे विचारतंच. मी उलट विचारते, गेल्या वर्षी पानं कधी कापलीत? उत्तर बहुतेक वेळा एकच: फुलं गेल्यावर लगेच.

अहो, फूल सुकल्यावरच कंद खरा कामाला लागतो. पानं अन्न तयार करतात आणि त्यावर पुढच्या वर्षीची कळी कंदाच्या पोटात धरते. म्हणून निदान ६ आठवडे पानांना हात लावायचा नाही. पाहुणे येणार म्हणून मी एकदा चाळीसेक डॅफोडिलची लोळलेली पानं दुसऱ्याच आठवड्यात छाटून वाफा साफ केला होता. पुढच्या वसंतात फुलं आली मोजून ३. वाफा सावरायला आणखी २ वर्षं गेली. पानांच्या वेण्या घालणं, गाठी मारणं हेही तसंच; पानांना ऊनच मिळत नाही. मी फक्त सुकलेलं फूल खुडते, म्हणजे बी धरण्यात ताकद जात नाही. पान हलक्या हाताने ओढल्यावर सुटून आलं, तरच काढते.

दुसरी चूक घाईची. ट्युलिपला साधारण १२ ते १६ आठवडे थंडी लागते, ९ अंशांच्या आसपास किंवा खाली. हिवाळा सौम्य असेल तर कंद फ्रिजमध्ये ठेवावे लागतात. "६ आठवडे चालतील का?" नाही चालत. दांडा बुटका राहतो, फूल पानांतच अडकतं. आणि कृपा करून ते सफरचंदांशेजारी ठेवू नका. पिकत्या फळांतून इथिलीन वायू सुटतो, त्याने कळी आतल्या आत मरते. बाहेरून कंद ठणठणीत दिसतो, त्यामुळे बोल लागतो विकणाऱ्याला.

कंदाच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट खोल लावा, टोक वर. पाणी साचतं तिथे लावूच नका. दाबल्यावर मऊ लागणारा कंद फेकून द्या. हायसिंथ या फुलाच्या कंदाने हाताला खाज सुटते, हातमोजे घाला. खारी-उंदीर ट्युलिप उकरून खातात; डॅफोडिल विषारी, त्याच्या वाटेला जात नाहीत.

पानं न कापताही फुलं कमी झाली असतील, तर बहुधा कंदांची दाटी झाली आहे. पानं पिवळी पडली की गड्डा उकरा, कंद सुटे करा आणि अंतर ठेवून लावा.